पूजेची भांडी घासली तरी आठवड्यात परत हिरवी-काळी पडतात, काय करायचं

ताम्हन, पळी, पंचपात्र, निरांजन, समई, देवाच्या मूर्ती, बुद्धमूर्तीपुढच्या पाण्याच्या वाट्या, सगळं सुट्टीच्या दिवशी बसून लख्ख करायचं आणि पुढची सुट्टी येईपर्यंत परत तेच, खाचेत हिरवं, वर तपकिरी ठिपके, चांदीचे टाक काळे. हा प्रश्न खूप जणांना पडतो आणि उत्तर म्हणून दर वेळी नवीन पावडर सांगितली जाते. पावडर बदलून हे थांबणार नाही. डाग परत येतात ते बहुतेक वेळा घासताना लावलेलं आंबट-खारट खाचेत राहून गेल्यामुळे आणि भांडं ओलंच ठेवल्यामुळे. वर जोरात घासलं की बारीक ओरखडे पडतात, त्यात परत मळ आणि ओल अडकते, म्हणजे पुढचा डाग आधीपेक्षा लवकर.

आधी वस्तू कशाची आहे ते बघा. तांबं लालसर. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पिवळं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, घंटेच्या चांगल्या काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं, आवाज खणखणीत येतो पण धातू ठिसूळ असतो, पडलं की तडा. चुंबक लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पितळी मुलामा आहे, ते घासायचंच नाही. आणि नव्या पितळी वस्तूंवर बऱ्याचदा पारदर्शक लॅकर मारलेलं असतं, ते एका जागी खरवडलं गेलं की हवा तिथून आत शिरते आणि लॅकरच्या खाली नकाशासारखे डाग पसरतात, वरून कितीही घासा, हलत नाहीत कारण डाग खाली आहे. ते लॅकर पूर्ण काढावं लागतं, ॲसिटोन आणि कापूस घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून आणि दिवा, उदबत्ती काहीही पेटतं नसताना, कारण ॲसिटोन झटकन पेट घेतं. दिव्याच्या भांड्यावरचं लॅकर तर पहिल्या वापराआधीच काढलेलं बरं, नाहीतर उष्णतेने ते पिवळं पडतं.

आता हिरव्याबद्दल, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हिरवं दिसलं की लिंबू, एवढंच आपल्याला माहीत असतं, पण हिरवं तीन तऱ्हेचं असतं आणि तिन्हीचा इलाज वेगळा.

एक असतं मेणचट हिरवं. निरांजनाच्या तळाला, समईत वात टेकते त्या खाचेत, जिथे तेल-तूप साचून राहतं तिथे. तुपातली आणि तेलातली आम्लं तांब्याशी मिळून हा थर तयार करतात, बोटाला लागतो, काडीने निघतो. इथे लिंबू चोळून उपयोग नाही, ते तुपाच्या खाली पोचतच नाही. आधी टिश्यूने किंवा जुन्या सुती कापडाने कोरडं पुसून घ्या, मग कडक गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड सोप आणि मऊ ब्रश, कोपऱ्यासाठी बांबूची काडी किंवा टूथपिक. सुरी नको, तारेची घासणी नको. आणि हे परत परत होत असेल तर एकच सवय बदला, दिवा शांत झाला की उरलेलं तूप रात्रभर त्यात ठेवायचं नाही, कोमट असतानाच पुसून काढायचं. हिरवं झालेलं तूप टाकून द्या, त्यात तांबं उतरलेलं असतं, ते कुठल्याही खाण्यात जाता कामा नये.

दुसरं गडद, घट्ट हिरवं. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळून तांब्यावर हळूहळू बसतो तो थर. टूथपिकने टोचलं तर पडत नाही. जुन्या मूर्तीवर असा एकसंध थर असेल तर तो खालच्या धातूला खात नाही, उलट झाकून ठेवतो, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या काळची मूर्ती असेल तर तो काढायचा हट्ट धरू नका. रोज वापरायच्या ताम्हनावर आला असेल तर चिंचेचा कोळ किंवा लिंबू, मीठ न घालता, थोडा वेळ लावून धुऊन टाका, जातं.

तिसऱ्यापासून मात्र जपायचं. फिकट हिरवी, पोपटीकडे झुकणारी पूड, ठिपक्या-ठिपक्यांनी उगवते, पुसली की खाली बारीक खड्डा दिसतो आणि काही दिवसांनी त्याच जागी परत. याला धातुसंवर्धनवाले ब्राँझचा रोग म्हणतात, पितळ आणि तांब्यालाही होतो. कारण क्लोराइड, म्हणजे सोप्या शब्दात मीठ. मीठ धातूच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतं, तांब्याशी जोडलं जातं, मग दमट हवा मिळाली की त्याची ही पूड होते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून परत तेच चक्र. म्हणजे एकदा आत गेलेलं चिमूटभर मीठ वर्षानुवर्षं काम करत राहतं, नवीन काही लावायची गरजच नाही. हवेतली आर्द्रता साधारण ४० टक्क्यांच्या खाली ठेवली तर हे जवळजवळ थांबतं, पावसाळ्यात आणि समुद्राकाठी भडकतं ते यामुळेच.

आणि हे मीठ येतं कुठून? बोअरच्या पाण्यातून येतं, हाताच्या घामातून येतं, पण सगळ्यात जास्त आपण स्वतः लावतो, अर्ध्या लिंबाला मीठ लावून चोळतो ना, तिथून. मला मान्य आहे की त्याने दोन मिनिटांत चमक येते, म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. सपाट ताम्हनाला फारसं बिघडत नाही कारण ते धुतलं जातं, पण बाळकृष्णाच्या गुडघ्यामागे, अन्नपूर्णेच्या पळीखाली, बुद्धमूर्तीच्या कमळाच्या पाकळ्यांमध्ये ते मीठ अडकलं की झालं. नक्षीकाम असलेल्या कुठल्याही वस्तूला मीठ लावू नका. यावर मी अडून बसेन.

धुण्याची पद्धत सांगतो, कारण खरा फरक इथे पडतो. आंबट लावलंच तर ते एक-दोन मिनिटंच, सुकू द्यायचं नाही. मग भरपूर वाहत्या पाण्याखाली, ब्रशने खाचा धूत. मग एका पातेल्यात चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून काढायचं, म्हणजे राहिलेला आंबटपणा मरतो. इथे एक लक्षात ठेवा, सोड्याने आंबट मरतं, मीठ मरत नाही, मीठ फक्त पाण्याबरोबरच बाहेर जातं, म्हणून सोड्यानंतर परत साधं पाणी, आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं, कारण नळाच्या पाण्यातले क्षार वाळले की पांढरे ठिपके उठतात आणि ते आपल्याला परत डाग वाटतात, मग आपण परत घासतो. नंतर कापडाने पुसून लगेच हेअर ड्रायर, फार गरम नाही, मूर्ती उलटी-सुलटी करून, बैठकीखालच्या पोकळीत पण. ड्रायर नसेल तर उन्हात ठेवा पण सगळीकडून वाळू द्या. पुसलं म्हणजे कोरडं झालं असं नसतं, खाचेतलं पाणी कापडाला लागत नाही.

तिसऱ्या प्रकारचं हिरवं आधीच सुरू झालं असेल तर, मूर्ती भरीव आणि मुलाम्याशिवाय असेल तरच, पूड कोरड्या ब्रशने काढून मूर्ती डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, असे काही दिवस, मग व्यवस्थित वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि खाली पांढरा कागद घाला. कागदावर परत फिकट पूड पडली तर घरचे प्रयोग थांबवून संवर्धकाकडे न्यायची वेळ झाली. लखनौला या कामासाठी १९७६ पासून राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मोठ्या वस्तुसंग्रहालयांतही ही माणसं असतात, ती रसायन लावून क्लोराइड थोपवतात. जुन्या मूर्तीसाठी एवढी धडपड करायला हरकत नाही.

पितळ घासल्यावर गुलाबी दिसतंय अशी तक्रारही येते. ते जास्त वेळ आंबटात ठेवल्यामुळे. पितळातलं जस्त विरघळतं आणि वर तांब्याचा पातळ थर उरतो. घाबरू नका, लिंबू बंद करा आणि बारीक खडूची पूड पाण्यात कालवून मऊ कापडाने हलक्या हाताने चोळा, गुलाबी थर निघून पिवळं दिसायला लागेल. रांगोळीने घासू नका, ती दगडाची पूड आहे, ओरखडे पडतात.

काजळीचं फार सांगण्यासारखं नाही. कापूर आणि तेलाची काजळी आधी कोरड्या कागदाने टिपायची, ओला हात लावला की ती पसरते. समईत जळून घट्ट बसलेलं तेल असेल तर समईचे भाग सुटे करून गरम पाणी, लिक्विड सोप आणि थोडा धुण्याचा सोडा, थोडा वेळ बुडवून मग काडीने काढा. बुद्धवंदनेनंतर मेणबत्तीचं मेण बैठकीवर सांडलं असेल तर सुरीने खरवडू नका, ड्रायरने मऊ करून कापडाने टिपून घ्या. काजळी रोजच जास्त धरत असेल तर वात जाड किंवा फार लांब आहे, ती कमी करा आणि दिवा मूर्तीपासून थोडा लांब ठेवा.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे, हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. दर सणाला टूथपेस्ट नाहीतर राख घेऊन घासलेले टाक बघा, देवीच्या नाकडोळ्यांचा पत्ता नसतो, नुसता गुळगुळीत पत्रा उरतो. टाक मुळात पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले, दर वेळी थोडी चांदी निघून जाते आणि ती परत येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यावरचा हात कुठल्यातरी जुन्या कारागिराचा असतो. त्यापेक्षा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर टाक टेकवा, खायचा सोडा टाकून गरम पाणी ओता. काळं परत चांदी होऊन बसतं, घासावं लागत नाही, थोडा कुजका वास येतो तो निघणाऱ्या गंधकाचा. पण खडे बसवलेले, आत लाख भरलेली मूर्ती, सोन्याचा मुलामा, किंवा नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळी ठेवलेली चांदी यांना हे करू नका. नाकावर, गुडघ्यावर लालसर झाक दिसत असेल तर तो चांदीचा मुलामा आहे आणि खालचं तांबं दिसायला लागलंय, तिथे नुसतं मऊ कापड.

आता नेपाळी-तिबेटी बुद्धमूर्ती, तारा, मंजुश्री, पद्मसंभव वगैरे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे नीट वाचा. काठमांडू खोऱ्यातल्या पाटणची मूर्तिकला प्रसिद्ध आहे, मेण वितळवून ओतलेल्या तांब्याच्या मूर्ती आणि वर पाऱ्यात सोनं मिसळून आगीवर चढवलेला मुलामा. तो थर अतिशय पातळ असतो, पितळ पॉलिश लावलं की सोनं कापडावर येतं. त्याहून नाजूक म्हणजे चेहरा. पुष्कळ मूर्तींच्या चेहऱ्यावर सोन्याची भुकटी सरसात, म्हणजे चिकट खळीत, कालवून ब्रशने लावलेली असते, डोळे, ओठ रंगवलेले, केस निळे. सरस पाण्यात विरघळतो. ओल्या फडक्याने एकदा प्रेमाने पुसलं तरी चेहरा जातो. शिवाय अभिषिक्त मूर्तीच्या आत मंत्र लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळ्या भरून तळाला पत्रा ठोकलेला असतो, बऱ्याचदा त्यावर विश्ववज्र, म्हणजे फुलीसारखी जोडलेली दोन वज्रं, कोरलेलं असतं. अशी मूर्ती पाण्यात बुडवली तर आतले कागद भिजून कुजतात, ओल आतून धातूला लागते आणि बाहेर हिरवं यायला लागतं, मग आपण म्हणतो बाहेरून एवढं स्वच्छ करूनही का येतंय. तळाचा पत्रा उघडू नका, सैल झाला असेल तर परंपरेतल्या जाणकाराकडे न्या. या मूर्तींना फक्त मऊ केसांचा कोरडा ब्रश, बास.

मग स्नान कसं घालायचं, असं लगेच विचारलं जातं, आणि याचं उत्तर परंपरेतच आहे. तिबेटी स्नानविधीत मूर्तीसमोर आरसा धरतात आणि पाणी आरशातल्या प्रतिबिंबावर ओततात. पुरीला जगन्नाथाच्या मूर्ती लाकडाच्या, त्यांचं रोजचं स्नानही आरशातल्या प्रतिबिंबालाच होतं. मातीच्या दुर्गामूर्तीलाही बंगालात असंच दर्पणस्नान. तिरुमलाला रोजचा अभिषेक भोगश्रीनिवास या लहान चांदीच्या मूर्तीला होतो, मूळ मूर्तीचा शुक्रवारी. उज्जैनच्या महाकालेश्वरावर झीज दिसायला लागली तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये कोर्टाने भक्तांनी लिंग चोळू नये असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे रोज पंचामृत घातलं तरच भक्ती असं कुठेच नाही. घरी पंचामृत रोज होत असेल तर त्यासाठी एक लहान भरीव मूर्ती वेगळी ठेवा, बाकीच्यांना गंध-फूल. आणि पंचामृत झालं की लगेच कोमट पाणी, कारण दही आंबट, मध-साखर चिकट, दोन्ही खाचेत बसतं. दही घातलेलं काहीही तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाही, तांबं त्यात उतरतं.

बुद्धमूर्तीपुढे ठेवायच्या पाण्याच्या सात वाट्यांवर पांढरी कडी येते ते कठीण पाण्यातले क्षार. इथेही जुना नियम कामाचा आहे, सकाळी भरायच्या, काठाला जवाच्या दाण्याएवढी जागा सोडून, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत रिकाम्या करायच्या, पुसायच्या आणि उलट्या ठेवायच्या. जे हे पाळतात त्यांच्या वाट्यांना कडी धरत नाही, जे पाणी रात्रभर ठेवतात त्यांच्या धरतात. धरलीच तर लिंबाचं पातळ पाणी, दोन मिनिटं, आणि वर सांगितलं तसं धुणं-वाळवणं. केशर घालत असाल तर डाग केशराचाही असू शकतो, तो साबणाने बघा.

घंटा अचानक चिरक्या आवाजात वाजायला लागली तर आधी आतला लोलक किती सैल झालाय ते बघा, वज्राच्या मुठीची तिबेटी घंटा असेल तर मूठ आणि घंटेचा सांधा हलवून बघा. दोन्ही ठीक असेल तर बारीक तडा आहे, काशाला डाग देऊन, म्हणजे तडा झाळून, तो आवाज परत येत नाही.

शंखाला लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही नको. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळतो, चकाकी जाऊन खडूसारखा होतो, संगमरवरी मूर्तीचंही तेच. शंखाला वास येत असेल तर आतल्या वळणात पाणी राहतंय, सौम्य साबणाच्या पाण्याने खळखळून धुवा आणि तोंड खाली करून वाळवा. शाळिग्राम हे गंडकीतले अमोनाइटचे जीवाश्म, काहींच्या आत सोनेरी चमकणारं पायराइट असतं, त्याला सतत ओल लागली की ते फुगून दगड तडकू शकतो, म्हणून पाण्यातच बुडवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, स्नान घाला आणि कोरडा करा. रुद्राक्षाला गरम पाणी नको. फिरोजा असलेल्या माळेला तेल, अत्तर लावू नका, दगड ते पितो आणि हिरवट पडतो.

चमक टिकवायची असेल तर मूर्ती पूर्ण कोरडी असताना मेणाचा अगदी पातळ हात द्या, मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर उत्तम, आणि मऊ कापडाने पुसून घ्या. फक्त मुलाम्याच्या, रंगवलेल्या मूर्तींना नाही, दिव्यांना नाही आणि ज्यातून तीर्थ घेतो त्या पळी-पंचपात्राला तर नाहीच.

सणापुरती निघणारी भांडी ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड लावू नका, रबरात गंधक असतं, चांदीवर बरोब्बर त्याच रुंदीचा काळा पट्टा उमटतो. लोकरीचं कापडही नको. धुतलेलं, स्टार्च नसलेलं सुती कापड, वर झिपलॉक पिशवी, आत सिलिका जेल, आणि पिशवी बंद करायच्या आधी भांडं एक दिवस उघड्यावर कोरडं होऊ द्या, कारण ओल आत कोंडली तर पिशवी नसलेली बरी. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ते कधी वाळवायचं ते बघूनच कळतं, पावसाळा संपला की एकदा डबा उघडून तेवढं तपासा.